तहानलेला पेला

सकाळचे ऊन त्या राजवाड्यात चोरपावलांनी शिरे. पूर्वेकडच्या उंच झरोक्यांतून ते आधी समोरच्या भिंतीच्या माथ्यावर उतरे, नवख्या पाहुण्याने उंबऱ्यात थबकावे तसे तिथे क्षणभर अडे, आणि मग भिंतीवरून सावकाश खाली ओघळू लागे. वाटेत जे भेटेल त्याला ते हात लावी, पण जागे कशालाच करीत नसे. तलवारींच्या म्यानांवरचे विटलेली मखमल, गालिच्याच्या कडेची विरलेली वीण, काचेच्या कपाटावर आदल्या दिवशी कुणा मुलाने नाक दाबून उमटवलेला धुरकट ठसा, या सगळ्यांवरून ते सारख्याच मायेने आणि सारख्याच बेफिकिरीने सरकत जाई. मग फरशी. रात्रभर राखाडी होऊन पडलेला तो दगड आधी कडेने, मग मध्यापर्यंत मधाच्या रंगाचा होई. आणि त्यावर तरंगणारे धुळीचे कण, आपल्याकडेही कुणी पाहत आहे हे नुकतेच उमगल्यासारखे, हळूहळू गिरक्या घेऊ लागत.

तो रोज हे पाहायला वेळेआधी येई. या जुन्या राजधानीतल्या राजवाड्याचे आता वस्तुसंग्रहालय झाले होते आणि तो तिथे गाइड होता. दिवसभरात हा एवढाच वेळ असा असे की, त्याने बोलावे अशी कुणाची अपेक्षा नसे. स्वभावाने तो इतका मिटलेला होता की बरोबरीचे गाइड त्याला ‘मौनी’ म्हणत. पाठ केलेली माहिती मात्र तो सुरेख सांगे. दुसऱ्याच्या शब्दांआड लपता आले की त्याला भीती वाटत नसे.

सरतेशेवटी ऊन न्यायदालनाच्या मध्यावरच्या दगडी चौथऱ्यापाशी येई. चौथऱ्यावर रुंद तोंडाचा एक चांदीचा पेला होता आणि पेल्याच्या आत, अगदी मधोमध, पंख मिटून बसलेला चांदीचाच एक हंस. उन्हाने पेल्याची कड उजळे, हंसाची मान उजळे, पाठ उजळे. तळाशी अंधारच राही. तो अंधार दिसला की मौनी पेल्याकडे पाठ करून दाराकडे वळे. कारण थोड्याच वेळात दरवाजे उघडणार असत.

आणि दरवाजे उघडले की माणसांचा लोंढा आत येई. पूर्वी या राजवाड्यात लोक गळ्यात कॅमेरे अडकवून येत. आता प्लॅस्टिकच्या पिशव्यांत तपासण्यांचे कागद घेऊन येत होते. पूर्वी ते शस्त्रागार कुठे, राणीचे शयनगृह कुठे असे विचारत, आता एकच प्रश्न असे: “पेला कुठाय?”

“पायताणं दाराशी! आवाज नको! दोराच्या आत एकानंच यायचं!” पेलेबुवा गरजत. हे गृहस्थ पूर्वी शहरदर्शनाच्या बसमध्ये ध्वनिक्षेपक घेऊन उभे राहत आणि डाव्या बाजूला काय, उजव्या बाजूला काय ते सांगत. पुढे त्यांना स्वप्न पडले म्हणे, आणि आपण राजघराण्याच्या पाणक्याचे वंशज आहोत हे त्यांना त्या स्वप्नात कळले. पांढरा अंगरखा आला, अत्तर आले, आवाजाला कंप आला. संग्रहालयाच्या कार्यालयाने ‘वारसा-अनुभव’ या नावाखाली सकाळची वेळ त्यांना देऊन टाकली. तिकिटे खपत होती. कार्यालयाला आणखी काय हवे!

“मंडळी, हा पेला नाही. ही राणीसाहेबांची तहान आहे!” बुवा डोळे अर्धे मिटून सुरू करीत. “हंस नीर आणि क्षीर वेगळं करतो, हे तुम्ही शाळेत शिकलात. हा हंस राहणारा आणि जाणारा वेगळा करतो! आपल्या आजारी माणसाचं नाव घ्यायचं, एक ओगराळं पाणी ओतायचं. पाणी राहिलं, तर माणूस राहिलं. आणि हंस प्यायला...” इथे ते थांबत. “तर तिकडून बोलावणं आलं.”

“तिकडून म्हणजे कुठून?” एकदा एका चष्मेवाल्याने विचारले होते.

“तिकडून म्हणजे तिकडून! ज्याला कळतं तो विचारत नाही, आणि जो विचारतो त्याला कळत नाही.”

चष्मेवाला ओशाळून रांगेत मागे सरला. या उत्तरात काही अर्थ नाही हे म्हणण्याचे धैर्य त्या दालनात कुणाला होत नसे. कारण बुवांच्या शब्दांत अर्थ नसला तरी पेल्यात पाणी असे, आणि ते पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वागे. कुणाचे राही. कुणाचे मात्र क्षणभर हंसाभोवती थरथरून खाली जाऊ लागे. पेला कलंडत नसे, त्याला कुणी हात लावत नसे. पाणी आपले उतरत जाई, आणि अगदी शेवटी तळाशी एक लांब, ओला घोट ऐकू येई. मग कुणीतरी ओरडे, “प्यायला! प्यायला!” आणि दोराच्या आतला माणूस बुवांचे पाय धरी. अशांसाठी बुवांपाशी उपाय असे. औषधे थांबवायची, कारण “दोन दारी पाणी भरणारा तहानलेलाच राहतो”. आणि दर आठवड्याला सेवेला यायचे.

दारावरच्या पहारेकरी मावशीने थट्टेथट्टेत स्वतःच्या नावाने पाणी ओतले होते. हंस प्यायला. आडव्या बांध्याची, दिवसभर विनोद करणारी ती बाई तेव्हापासून डबा उघडत नव्हती. स्टुलावर बसून ती दाराकडे बघत राही, कुणी न्यायला येणार असल्यासारखी.

“आणि हा आपला गाइड!” शेवटी बुवा मौनीकडे बोट दाखवत. “रोज इथं वावरणारा, शिकलेला मुलगा. सांग रे बाळा!”

मौनी मान खाली घालून दिवसातले स्वतःचे असे एकच वाक्य बोले: “माझ्या बाबांचं पाणी राहिलं.”

दालनातून एक निःश्वास फिरे. त्या एका वाक्याने जेवढी माणसे रांगेत उभी राहत, तेवढी बुवांच्या सगळ्या पाल्हाळाने राहत नसत.

बाबांच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले होते: हे दार नीट मिटत नाही, रक्त मागे येते, शस्त्रक्रिया करावी लागेल, लांबवू नका. तारीखही ठरली होती. त्या तारखेच्या तोंडावर आई इथे आली, तिने बाबांच्या नावाने पाणी ओतले, आणि ते राहिले. त्या संध्याकाळी घरात किती दिवसांनी कुणीतरी हसले. तारीख निघून गेली. बाबा नुसते म्हणाले, “बघू.” आई मात्र आठवड्याच्या आठवड्याला येऊन पुन्हा विचारी, कारण बुवांचे म्हणणे असे की पेल्याचे मन बदलू शकते. त्यामुळे आठवडाभर मौनीला एकच धास्ती असे. या वेळी प्यायला तर?

त्या दिवशी ताई येणार होती. ती दुसऱ्या गावी शाळेत विज्ञान शिकवत असे. आईने फोनवर भोळेपणाने सगळे सांगून टाकले, तशी ती मिळेल त्या गाडीने निघाली आणि घरी न जाता तडक राजवाड्यावरच येऊन थडकली. आई यायची होती. मौनी ताईला न्यायदालनाच्या बरोबर खाली असलेल्या उपाहारगृहात घेऊन गेला. पूर्वी ते राजाचे भोजनदालन होते. आता तिथे शाही चहा, शाही टोस्ट आणि त्यांच्यामागून शाही बिल मिळे.

“कोपऱ्यातल्या टेबलावर नका बसू हो,” वेटर म्हणाला. “तिथं गळतं.”

“पाऊस कुठाय?” ताई म्हणाली.

“पावसाचं नाही, छताचं गळतं. जुनी इमारत. तिच्या मनाला येईल तेव्हा.”

बाकीची टेबले सहलीच्या लोकांनी अडवलेली होती. ताई कोपऱ्यातच बसली.

“बाबा कसे आहेत?”

“बरे आहेत.”

“झोपतात कसे?”

“बसून... म्हणजे उशांना टेकून. त्यांना तसं बरं वाटतं.”

“आडवं झालं की दम लागतो म्हणून?”

“तसं नाही काही.”

“पाय सुजतात?”

“ऊन वाढलंय, ताई.”

“मी काय विचारते आणि तू काय सांगतोस!”

तो बशीत बघू लागला. त्याला बाबांच्या चपला आठवल्या. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सैल करूनही त्या पायात शिरेनाशा झाल्या होत्या, तेव्हा त्याने नव्या, मोठ्या मापाच्या आणून दिल्या होत्या. जुन्या चपला आकसल्या असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

वरून आरडाओरडा ऐकू आला. “प्यायला! प्यायला!” मौनी दचकला. तेवढ्यात छताच्या लाकडी नक्षीतून पाण्याची धार ताईच्या टोस्टवर पडली, थेंब थेंब झाली, थांबली.

ताईने वर पाहिले. मग भिजलेला टोस्ट बाजूला सारून तिने रिकामी बशी नेमकी त्या जागी सरकवली आणि हाताची घडी घालून बसली. चहा निवत गेला. पुन्हा वर गलका झाला. पुन्हा बशीत पाणी पडले.

“राणीसाहेबांना आज फार तहान दिसते,” वेटर जाता जाता म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

ताई हसली नाही. तिने भावाकडे पाहिले. मौनीनेही ती बशी पाहिली होती. महिनोन्‌महिने तो याच कोपऱ्याशेजारी बसून डबा खात आला होता. त्याने नजर फिरवली आणि म्हणाला, “चल, आई आली असेल.”

आई रांगेत पुढेच होती. बुवांनी तिला मानाने पुढे घेतले होते. लेकीला पाहून तिचा चेहरा उजळला आणि लगेच कसनुसा झाला. “आता इथं काही बोलू नकोस हं,” ती कुजबुजली. “तुझ्या जिभेला हाड नाही.”

“बोलत नाही. आज पाणी मी ओतते.”

“तू?”

“मी त्यांची थोरली आहे ना? की पेल्याला लेकी चालत नाहीत?”

बुवांनी हे ऐकले. त्यांनी ताईकडे एकदा आपादमस्तक पाहिले, प्रवासात चुरगळलेली साडी, दमलेले डोळे, आणि उदार हसले. “ये, ताई, ये. श्रद्धा असली म्हणजे झालं.” त्यांनी रेशमी फडक्याने पेला आतून पुसून कोरडा केला, चांदीचे ओगराळे भरून तिच्या हाती दिले आणि आशीर्वाद दिल्यासारखा तिच्या मनगटाला हात घातला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “मला जमतं.”

“अहो, हात धरल्याशिवाय—”

“बाबांच्या नावानं,” ताई मोठ्याने म्हणाली आणि भरलेले ओगराळे शेवटच्या थेंबापर्यंत रिते केले.

पाणी हंसाच्या पायांवरून चढले, छातीवर आले, पाठीवर आले. तिथे ते क्षणभर थांबले. मौनीला वाटले, सगळा राजवाडाच श्वास रोखून उभा आहे. मग पृष्ठभाग थरथरला. हंसाची पाठ उघडी पडली, छाती उघडी पडली, पाणी उतरत गेले, उतरत गेले, आणि तळातून तो लांब, ओला घोट ऐकू आला.

कुणीही ओरडले नाही. आई आवाज न करता खाली बसली, कुणीतरी तिच्यातले हाडच काढून घेतल्यासारखी. बाबा, बाबा, एवढेच मौनीला सुचत होते. घरी जाईपर्यंत काही झाले तर? आत्ता, या क्षणी झाले असेल तर?

ताई तशीच उभी होती. पाणी कुठे जाते हे तिला ठाऊक होते. ती खालून बघून आली होती. तरीही रिते ओगराळे ती पेल्यावर तसेच धरून होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. बापाचे नाव घेऊन ओतलेले पाणी असे गेल्यावर विज्ञान शिकवणाऱ्या बाईचेही काळीज काही क्षण विज्ञानाचे राहत नाही.

मग तिने दीर्घ श्वास घेतला आणि त्या दालनात आजवर कुणी केले नव्हते ते केले. तिने पेल्यावर वाकून आत पाहिले.

“अंतर! अंतर राखा!” बुवा ओरडले.

“बुवा, आणखी एकदा ओतू द्या. या राजवाड्याच्या राजेसाहेबांच्या नावानं.”

“काहीतरीच काय! त्यांना जाऊन पिढ्या लोटल्या.”

“मग पेल्याला ते ठाऊक असेलच.” त्यांनी उत्तर द्यायच्या आत तिने ओगराळे पुन्हा भरून अर्धेच ओतले. पाणी हंसाच्या छातीपाशी थांबले. सगळे वाट पाहत राहिले. पाणी हलले नाही.

“अभिनंदन,” ताई म्हणाली. “राजेसाहेब बरे होणार.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसले आणि भीतीने लगेच तोंड दाबून धरले.

“हा अपमान आहे!” बुवांचा कंप आता खरा झाला होता. “राणीसाहेब कोपतील! कुणाचं वाईट झालं तर जबाबदारी—”

“माझी. आता हे दुसरं अर्धं, तुमच्या नावानं.”

“नको!” बुवांनी तिचा हात धरला.

“तुम्ही का घाबरता? तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे.”

हात सुटला. पाणी पडले, हंसाच्या पाठीवर चढले, थरथरले आणि सगळेच्या सगळे गेले. तोच खालच्या जिन्यातून वेटरचा वैतागलेला आवाज आला: “अहो वरचे! सकाळपासून काय लावलंय? सहलीवाल्यांचं अख्खं टेबल भिजलं!”

या वेळी हसू आवरणे कुणालाच जमले नाही. ते भित्रे, तुटक, रडण्याच्या फार जवळचे हसू होते.

“हंस पोकळ आहे,” ताई म्हणाली. ती आता वर्गात बोलावे तसे, सावकाश बोलत होती. “त्याच्या पायांशी एक भोक आहे. या, बघा. घाबरू नका, चावत नाही. त्या भोकातून एक नळी त्याच्या अंगात वर चढते, पाठीपाशी वळते आणि खाली उतरून पेल्याच्या बुडातून चौथऱ्यात जाते. पाणी वळणाच्या खाली असेल तर पेल्यातच राहतं. वळणाच्या वर गेलं, नळी भरली, की ते पलीकडं उतरायला लागतं आणि मागचं सगळं ओढून नेतं. तुम्ही पिंपातलं पाणी रबराच्या नळीनं काढता ना? एकदा चालू झालं की तोंड लावून ओढत बसावं लागत नाही. पिंप रिकामं होईतो येत राहतं. हे तेच. शेवटी नळीत हवा शिरते, तिचा हा आवाज. घोट नाही तो.”

“पण मग कुणाचं राहतं, कुणाचं जातं...” चष्मेवाल्यासारखाच कुणी एक चाचरत म्हणाला.

“बुवा हात कशाला धरतात? आशीर्वादाला नव्हे, मापाला, किती पडू द्यायचं ते ठरवायला. आणि फडक्यानं पेला कधी कोरडा करतात, कधी तळाशी पाणी ठेवून देत असणार. ज्याला घाबरवायचं त्याचं जातं. ज्याच्या तोंडून जाहिरात करायची, त्याचं राहतं.” हे बोलताना तिने भावाकडे पाहिले नाही. ती तिची दयाच होती.

माणसे एकेक करून दोराच्या आत आली, वाकून बघू लागली. मौनीही गेला. गाइडचा पहिला धडा असे: वस्तूकडे पाठ, माणसांकडे तोंड. तो धडा त्याने इतका इमानाने गिरवला होता की, ज्या पेल्याबद्दल तो रोज बोलत होता त्यात त्याने कधी डोकावलेच नव्हते. हंसाच्या पायांपाशी, उन्हाचा कवडसा पोहोचत नसे तिथे, करंगळीएवढे एक साधे भोक होते.

पहारेकरी मावशी, उपासाने ओढलेल्या चेहऱ्याने, स्टुलावरून उठून आली. “म्हणजे... म्हणजे मी मरणार नाही?”

“मराल की मावशी,” ताई म्हणाली. “सगळेच मरणार. पण या भांड्याच्या सांगण्यावरून नव्हे. आज डबा आणलाय का?”

“आणलाय.”

“मग उघडा तो.”

मावशी तिथेच फरशीवर बसली आणि पदरात तोंड खुपसून हुंदके देऊ लागली.

पेलेबुवा “श्रद्धेला तर्काच्या तराजूत घालू नये” असे काहीसे पुटपुटत काढता पाय घेत होते. पण एक म्हातारे गृहस्थ ताईसमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात कुणाच्या तरी तपासण्यांची पिशवी होती. “राहू द्यायचं होतं, पोरी,” ते म्हणाले. “आमच्या हिचं पाणी राहिलं होतं. तेवढाच आधार होता.”

ताईने त्यांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिले. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “आजोबा, आधार हवाच. भीती तर मलाही वाटली. हे सगळं माहीत असून वाटली. पण जो आधार औषध सोडायला सांगतो, तो आधार नसतो. नीरक्षीर निवडणं हंसाचं काम नाही, ते आपलं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी आत वाकून बघा. आणि तुमचं माणूस आजारी असेल, तर त्याला आजच डॉक्टरकडे न्या.”

म्हातारबुवांनी पिशवी छातीशी धरली आणि हळूहळू दाराकडे चालू लागले.

दालनातली भीती ओसरत होती. माणसे मोठ्याने बोलत होती, पेल्यात पुन्हा पुन्हा पाणी ओतून पाहत होती. एकट्या मौनीचीच भीती वाढत चालली होती. घरी जाताना वाटभर तो ताईकडे न पाहता आईच्या पलीकडून चालत राहिला. घराच्या गल्लीत मात्र त्याचा बांध फुटला.

“तुला काय मिळालं? आई वर्षभरात पहिल्यांदा नीट झोपत होती!”

“आणि बाबा?” ताई म्हणाली.

आई मधे चालत होती. तिने दोघांचेही हात धरले, लहानपणी रस्ता ओलांडताना धरी तसे.

बाबा खिडकीपाशी, उशांच्या रचलेल्या ढिगाला टेकून बसले होते. त्याच राजवाड्यात त्यांनी उभा जन्म गाइड म्हणून काढला होता. ‘वस्तूकडे पाठ, माणसांकडे तोंड’ हा धडा मुलाला त्यांनीच दिला होता. ताईने सगळे सांगितले. ते ऐकत राहिले, मधे मधे श्वासासाठी थांबल्यासारखे डोळे मिटत राहिले. ती हंसाच्या पोटातल्या नळीपाशी आली तेव्हा त्यांच्या ओठांच्या कडेला बारीकसे हसू आले.

“मुळात जेवणाच्या दालनातला आहे तो,” ते म्हणाले. “न्यायाशी त्याचा... काय संबंध! हावरट पाहुण्याची खोड मोडायला ठेवायचे. बेतानं भरलं तर सुखानं प्या. काठोकाठ भरलं की... सगळं मांडीवर. तुमच्या लहानपणी... मी तिथंच सांगायचो ही गोष्ट. लोक फार हसायचे.”

मौनी पुढे होऊन त्यांच्या उशांपाशी आला.

“तुम्हाला माहीत होतं?” तो म्हणाला. “बाबा, सगळं माहीत होतं? मग बोलला का नाहीत?”

बाबांनी खिडकीबाहेर पाहिले.

“तुझी आई हसत घरी आली त्या दिवशी,” ते म्हणाले. “आणि मला... मला त्या टेबलावर झोपायची भीती वाटते रे. छाती उघडतात म्हणे. मला वाटलं, पाणी राहिलंय ना, राहू दे.”

आई त्यांच्या पायांशी बसली. त्या सुजलेल्या पावलांवर हात ठेवून ती म्हणाली, “घाबरट मेले. मला सांगायचं होतं. मी पण घाबरतेच आहे की. दोघं मिळून घाबरलो असतो.”

बाबा हसायला गेले आणि त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत आईने पावलांवरचा हात काढला नाही. मग त्यांनी मुलाकडे पाहून, अगदी थोडीशी, होकारार्थी मान हलवली.

ताईने फोन पुढे केला. “तू लाव. रोज त्यांच्याजवळ तू असतोस.”

मौनीने रुग्णालयाचा नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी बाबांची जुनी नोंद शोधली, तारीख चुकल्याबद्दल नापसंतीचा एक उद्गार काढला आणि विचारले, “नवीन तारीख देते, पण किती घाई आहे ते कळायला हवं. तेव्हापेक्षा आता तब्येत कशी आहे? तशीच आहे, की काही फरक आहे?”

त्याला पाठ असलेले कुठलेच वाक्य इथे चालण्यासारखे नव्हते. दुपारचे ऊन खिडकीतून आत येऊन बाबांच्या पायांपर्यंत पोहोचले होते. दाराशी त्या मोठ्या मापाच्या नव्या चपला होत्या. त्यांचाही पट्टा आता शेवटच्या भोकात होता.

“हॅलो? ऐकताय ना? काय सांगू डॉक्टरांना?”

“सांगा,” तो म्हणाला, “बाबांची तब्येत दिवसेंदिवस खालावत चालली आहे.”